विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप घेताना या चुका टाळा: जे नंतर बदलता येत नाही, ते आधी पाहा

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या की पुण्यातील लॅपटॉपच्या दुकानांत दरवर्षी एकच दृश्य दिसते. नांदेडहून किंवा लातूरहून मुलीला सोडायला आलेले वडील, वसतिगृहाच्या सामानाच्या पिशव्या सांभाळत बसलेली आई आणि रात्रीच्या परतीच्या गाडीची घाई. गादी, बादली, कुलूप यांच्या यादीतच लॅपटॉपही असतो आणि पन्नास-साठ हजारांचा निर्णय अर्ध्या तासात उरकला जातो. मी पुण्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे अशा घाईत घेतलेले लॅपटॉप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुरकुरू लागले की माझ्या टेबलावर येतात. त्यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ एकच असते. जे पुढे कधीही वाढवता आले असते त्यावर पैसे खर्च झालेले असतात आणि जे कधीच बदलता येणार नाही, ते खरेदीच्या दिवशी कोणी पाहिलेलेच नसते.

प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड, वजन आणि अलीकडे बऱ्याच मॉडेलांत रॅम (सुरू असलेली कामे तात्पुरती धरून ठेवणारी मेमरी) सुद्धा, हे सारे पहिल्या दिवशी जसे मिळते तसेच शेवटपर्यंत राहते. फाइली साठवणारी एसएसडी बहुतेक लॅपटॉपमध्ये नंतर मोठी बसवता येते, बाहेरची हार्ड डिस्क जोडता येते, माऊस-बॅग-हेडफोन तर केव्हाही घेता येतात. तरीही दुकानात सर्वाधिक चर्चा ‘वन टीबी आहे का’ आणि ‘बॅग फ्री आहे का’ याच दोन गोष्टींवर होते.

अभ्यासक्रम कळण्याआधी खरेदी करणे

प्रवेश निश्चित होण्यापूर्वीच, ऑफर संपेल या भीतीने लॅपटॉप घेतला जातो, ही पहिली चूक. अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात प्रोग्रॅमिंगची ओळख आणि लेखी काम यांपलीकडे लॅपटॉपवर फारसा भार नसतो. त्यामुळे वर्ग सुरू झाल्यावर दोन-तीन आठवडे थांबून आपल्याच शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे की शेवटच्या दोन वर्षांत कोणते सॉफ्टवेअर वापरावे लागते. ऑफर गणपतीत येतात, दसऱ्याला येतात आणि दिवाळीतही येतात.

हे विचारणे का महत्त्वाचे, ते सांगतो. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला लागणारे सॉलिडवर्क्स, सिव्हिल आणि आर्किटेक्चरला लागणारे रेव्हिट, कॉमर्सला लागणारे टॅलीप्राइम ही सारी विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर आहेत. मॅकबुक हे उत्तम यंत्र आहे, त्याची बॅटरी आणि बांधणी वाखाणण्याजोगी आहे, पण आर्किटेक्चरच्या मुलाने ते घेतले तर तिसऱ्या वर्षी तो मित्राच्या लॅपटॉपसाठी रांगेत उभा राहतो. याउलट कला शाखा, पत्रकारिता किंवा केवळ प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना ही अडचण येत नाही. मशीन लर्निंगसाठी महागड्या ग्राफिक्स कार्डाचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की शिकण्याच्या टप्प्यावरचे बरेचसे काम गूगल कोलॅब किंवा कॅगल या संकेतस्थळांवर मर्यादित वेळ मोफत मिळणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरवर भागते.

रॅमचा आकडा पाहणे, पण ती कशी बसवली आहे हे न पाहणे

माझ्याकडे येणाऱ्या ‘लॅपटॉप हँग होतो’ या तक्रारींपैकी सर्वांत जास्त येथे येऊन थांबतात. ८ जीबी रॅमवर विंडोज ११, ब्राउझरमधील दहा-बारा टॅब आणि एखादी ऑनलाइन मीटिंग एवढे कसेबसे चालते. त्यावर मोबाइल अ‍ॅप बनवण्याचे अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) सुरू केला, किंवा रेव्हिटची मोठी फाइल उघडली, की रॅम अपुरी पडते, विंडोज एसएसडीचाच रॅमसारखा वापर करू लागते आणि माऊसचा बाणसुद्धा अडखळत सरकतो. तीन-चार वर्षे वापरायचा लॅपटॉप आज घेत असाल तर १६ जीबी हाच पाया धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बजेट अगदीच तोकडे असेल तर ८ जीबी घ्यावी, पण ती पुढे वाढवता येईल अशाच लॅपटॉपमध्ये.

खरी गफलत नेमकी इथेच होते. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि विक्रेता मात्र ‘नंतर वाढवून घ्या’ असे सहज सांगून मोकळा होतो. हे दुकानातच एका मिनिटात तपासता येते. सुरू असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक केले की खालच्या बाजूला ‘फॉर्म फॅक्टर’ अशी ओळ दिसते. तिथे ‘एसओ-डिम’ असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते, आणि ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती रॅम बोर्डालाच चिकटलेली आहे असे समजावे. काही मॉडेलांत थोडी रॅम सोल्डर केलेली असते आणि जोडीला एक स्लॉट रिकामा असतो, म्हणून नेमके मॉडेल कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून जास्तीत जास्त किती रॅम चालते हे पाहूनच पैसे द्यावेत. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८ अधिक ८ अशा दोन पट्ट्या चांगल्या, कारण प्रोसेसरमधील ग्राफिक्स हीच रॅम वापरतात आणि दोन मार्ग मिळाल्यावर त्यांचा वेग जाणवण्याइतका वाढतो.

आय-७ च्या स्टिकरला भुलणे

‘इंटेलचा आय-७ प्रोसेसर आहे म्हणजे आय-५ पेक्षा चांगलाच’ हा समज घट्ट रुजलेला आहे आणि तो पुष्कळदा चुकीचा ठरतो. नावातील शेवटचे अक्षर त्या स्टिकरपेक्षा अधिक बोलते. इंटेलच्या १२व्या पिढीत आय-७ १२५५यू हा १५ वॅटच्या वर्गातील, बॅटरी वाचवण्यासाठी घडवलेला प्रोसेसर आहे, तर आय-५ १२५००एच हा ४५ वॅटच्या वर्गातील आहे. तासभर चालणाऱ्या रेंडरिंगमध्ये (आराखड्यातून अंतिम चित्र तयार करण्यात) तो आय-५ पुढे निघून जातो. अर्थात त्याची किंमत बॅटरी आणि उष्णता यांच्या रूपाने मोजावी लागतेच, म्हणून दिवसभर अभ्यासिकेत बसून वाचन-लेखन करणाऱ्याला यू मालिकाच योग्य.

एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या ७००० मालिकेत यापेक्षाही फसवी गोष्ट आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे ऐकायला जुळ्या भावांसारखी वाटतात. त्या चार अंकांतील तिसरा अंक अंतर्गत रचना सांगतो. ७५२०यू मध्ये २०१९ मध्ये आलेली झेन २ रचना आणि ४ कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत, तर ७५३०यू मध्ये झेन ३ आणि ६ कोअर. दुकानातील पाटीवर दोघांसमोर फक्त ‘रायझन ५, ७००० सिरीज’ एवढेच लिहिलेले असते. म्हणून प्रोसेसरचे संपूर्ण नाव कागदावर लिहून घ्यावे आणि खरेदी दुसऱ्या दिवशी करावी. एका रात्रीची सवड मिळाली तरी निम्म्या चुका टळतात.

स्क्रीन आणि वजन शेवटी पाहणे

दुकानातील झगमगाटात सगळ्याच स्क्रीन चांगल्या दिसतात. म्हणून डेमोची रंगीत चित्रफीत बंद करायला सांगावी, पांढऱ्या पानावर काळी अक्षरे असलेली एखादी फाइल उघडावी, ब्राइटनेस पूर्ण वाढवावा आणि दुकानाच्या दाराशी येऊन ती वाचून पाहावी. २५० निट्सची (निट हे प्रकाशमानतेचे माप) स्क्रीन खिडकीशेजारी बसल्यावर फिकी पडते, आणि रंगांच्या बाबतीत ‘४५ टक्के एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवते याचे माप) असे लिहिलेले असेल तर डिझाइन, फोटोग्राफी किंवा आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याने तो लॅपटॉप बाजूला ठेवावा. त्यावर निवडलेला लाल रंग छापून आल्यावर वेगळाच दिसतो.

वजनाचा विचार दुकानात उभे राहून होत नाही. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोंचा असतो, आणि त्याचा विटेएवढा चार्जर त्याशिवाय वेगळा. ते ओझे पाठीवर घेऊन पीएमपी बसच्या गर्दीत उभे राहायचे, नाहीतर दुचाकीवर सिंहगड रस्त्यावरून रोज जा-ये करायची, हे पहिल्या महिन्यात जमते, मग लॅपटॉप खोलीवरच राहू लागतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा आहे. तिथे शिकणाऱ्याला एका विभागातून दुसऱ्या विभागात चालत जाताना दीड किलो आणि तीन किलो यांतला फरक रोज कळतो.

सुरुवातीची मांडणी दुकानदाराकडून करून घेणे

या चुकीकडे कोणी चूक म्हणून पाहतच नाही, त्यामुळे मी तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. गेल्या वर्षी दुसऱ्या सत्राच्या परीक्षेच्या तोंडावर एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. अपडेटनंतर लॅपटॉप सुरू केला तर निळी स्क्रीन आली होती आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जात होती. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्याच खात्यात साठवली जाते. ही व्यवस्था चांगलीच आहे, कारण लॅपटॉप चोरीला गेला तरी आतील माहिती सुरक्षित राहते. पण या मुलीचा लॅपटॉप दुकानातील एका कर्मचाऱ्याने ‘दोन मिनिटांत करून देतो’ म्हणत स्वतःच्या जवळच्या कुठल्याशा खात्याने सुरू करून दिला होता. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला होता आणि खाते कोणते, हे दुकानात कोणालाच सांगता येईना. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकण्यावाचून मार्ग उरला नाही. तिच्या मिनी प्रोजेक्टचा अहवाल आणि सगळे फोटो गेले. अहवाल तिने रात्री जागून पुन्हा लिहिला.

म्हणून लॅपटॉप पहिल्यांदा विद्यार्थ्याने स्वतः, स्वतःच्या ई-मेलने आणि स्वतःच्या हाताने सुरू करावा. आधीच दुसऱ्याने करून दिला असेल तर आजच सेटिंग्जमध्ये जाऊन कोणते खाते जोडलेले आहे ते पाहावे. ते परके असेल तर प्रथम फाइलींची प्रत बाहेर काढावी, मग लॅपटॉप रिसेट करून आपल्या खात्याने सुरू करावा आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात रिकव्हरी की दिसते ना, याची खात्री करून ती कागदावर उतरवून ठेवावी.

याच वेळी ‘सगळी सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो’ हा प्रस्तावही येतो. क्रॅक केलेल्या प्रतींबरोबर व्हायरस येतात, आणि मुळात त्यांची गरजच नसते. रेव्हिट बनवणारी ऑटोडेस्क आपली सॉफ्टवेअर पडताळणी केलेल्या विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी मोफत देते आणि विद्यार्थी असेपर्यंत ती मुदत वाढवता येते. महाविद्यालयाचा ई-मेल मिळाला असेल तर त्यावर ऑफिस मिळते का, हे आधी कार्यालयात विचारावे.

बिल, वॉरंटी आणि जुना लॅपटॉप

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे आणि बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडून घेतल्यास वॉरंटीच्या वेळी हात रिकामे राहतात. बिलावरील, खोक्यावरील आणि लॅपटॉपच्या तळाशी असलेला सिरीयल नंबर एकच आहे ना, हे दुकानातच जुळवावे. घरी आल्यावर तोच नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख पाहावी. ती कधीकधी माल कारखान्यातून निघाल्याच्या दिवसापासून मोजलेली असते आणि बिल दाखवून दुरुस्त करून घेता येते. साध्या वॉरंटीत पडझड आणि पाणी यांचा समावेश नसतो, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. वसतिगृहात राहणाऱ्याने ते घ्यावे.

कमी बजेटमध्ये वापरलेला, दुरुस्त केलेला लॅपटॉप घेण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र इंटेलचा असेल तर ८व्या पिढीपेक्षा जुना घेऊ नये. विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि ८व्या पिढीहून जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत जवळजवळ नाहीतच.

खोलीतील वीज आणि पुण्याचा पाऊस

सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत कॉट बेसिसवर (खोलीतील एक खाट भाड्याने घेऊन) राहणाऱ्या मुलांची एक तक्रार हमखास येते: ‘सर, चार्जिंगला लावला की लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात.’ लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला जातो, ठीक असल्याचा शेरा घेऊन परत येतो आणि खोलीत पुन्हा तेच होते. बहुतेक वेळा दोष लॅपटॉपमध्ये नसून खोलीत असतो. जुन्या इमारतीतील सॉकेटला अर्थिंग नसते, किंवा तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावून अर्थिंगची वाट बंद केलेली असते. चार्जरमधून येणारा अगदी किरकोळ प्रवाह मग धातूच्या बॉडीवर राहतो. जोड काढून टाकावा, विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेल्या तपकीर गल्लीतून अर्थिंगची पिन असलेला, स्पाइक गार्डसह चांगला एक्स्टेन्शन बोर्ड आणावा आणि घरमालकांना सांगून इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटची अर्थिंग तपासून घ्यावी, कारण अर्थिंगच नसेल तर बोर्ड कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. तोपर्यंत लॅपटॉप दुसऱ्या सॉकेटवर किंवा अभ्यासिकेत चार्ज करावा.

राहिला पाऊस. दप्तराला रेनकव्हर असले तरी दुचाकीवर पाठीकडून पाणी झिरपते, म्हणून आत लॅपटॉपला वेगळी जाड प्लास्टिकची पिशवी हवीच. तरीही भिजलाच तर तो सुरू होतो का हे पाहण्यासाठी पॉवरचे बटण दाबू नये आणि चार्जर तर मुळीच लावू नये. चालू असेल तर बटण दाबून धरून बंद करावा, उघडून तंबूसारखा उलटा ठेवावा, म्हणजे पाणी कीबोर्डकडून बाहेर उतरते, आणि त्याच अवस्थेत सर्व्हिस सेंटरला न्यावा. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने आतील पाणी सुकत नाही, मधले दोन दिवस तेवढे वाया जातात आणि तेवढ्यात बोर्डावर गंज धरायला लागतो.