भीती जायची वाट बघत बसू नका

पाळकसाहेब उपासनेनंतर बाजूला घेऊन विचारतात, "ही जबाबदारी तुम्ही घ्याल का?" आणि तिथून पुढे आठवडाभर पोटात गोळा. हे लिहितेय ते अशांसाठी. नोकरी आहे, घर आहे, मान वर करायला वेळ नाही, तरी प्रभू बोलावतोय असं आतून वाटतंय आणि भीती मात्र सुटत नाही. पाचारण (म्हणजे प्रभूची हाक) काय असतं, कृपादानं (म्हणजे सेवेसाठी देवाने दिलेली देणगी) कोणती, हे तुम्ही उपदेशांत भरपूर ऐकलंय. ते परत सांगत नाही.

मी गोदामात डिस्पॅचला आहे. चलनं, गेटपास, गाड्या. माझ्याकडे आजाऱ्यांना भेटायची सेवा आली. त्याला बरीच वर्षं झाली, तरी वॉर्डच्या दाराशी अजून घसा कोरडा पडतो. भीती कशी घालवायची ते मला ठाऊक नाही, हे आधीच सांगून टाकते. भीती असताना काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढंच सांगता येईल.

आधी काय करायचं नाही ते. लोकर टाकायची नाही.

बायबलच्या शास्ते पुस्तकातला गिदोन सगळ्यांना माहीत आहे. मिद्यानी लोक पीक लुटून नेत म्हणून हा गडी द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. मळणीची जागा उघडं खळं, जिथे वारा लागतो; हा खाली कुंडात, भुसकटात. तिथे देवदूत त्याला बलवान वीर म्हणून हाक मारतो, आणि मिद्यान्यांच्या हातून इस्राएलाला सोडव असं त्याला सांगितलं जातं. हा भाग ऐकून आपल्याला धीर येतो, आणि मग सहाव्या अध्यायाच्या शेवटी लोकर येते. रात्री खळ्यावर लोकर ठेवायची. लोकर भिजली आणि जमीन कोरडी राहिली तर देव माझ्या हातून इस्राएलाला सोडवणार असं समजायचं. तसं घडलं, वाटीभर पाणी पिळून निघालं. दुसऱ्या रात्री उलट मागणी: लोकर कोरडी, जमीन ओली. तेही घडलं. आपण यातून काय शिकतो? देवाची इच्छा कळत नसेल तर अट घाला.

मीही तेच केलं. आजची गाडी वेळेत लोड झाली तर पाळकसाहेबांना होकार कळवीन. गाडी वेळेत लागली. मग वाटलं, आज माल कमीच होता, लागणारच होती. पुढची अट: शनिवारी ओव्हरटाइम आला नाही तर. आला. झालं, प्रभूची इच्छा नाही. अट पूर्ण झाली की तो योगायोग आणि नाही झाली की तो देवाचा नकार, असा माझा हिशोब. असल्या हिशोबात होकार कधी निघतच नाही. ज्यांना भेटायला मला सांगितलं होतं ते गृहस्थ तोवर बरे होऊन घरीही गेले.

या लोकरीवर जरा जास्त बोलते, कारण चांगली शिकलेली माणसंही इथे अडकलेली पाहिलीत. क्रम नीट बघा. लोकर टाकण्याआधीच गिदोनाला काय करायचं ते स्पष्ट सांगून झालं होतं. त्याने पुढे ठेवलेलं मांस आणि भाकरी खडकातून निघालेल्या अग्नीने भस्म झाली होती. बापाची बआल या परक्या दैवताची वेदी त्याने पाडली होती (तीही रात्री, दहा नोकर बरोबर घेऊन, कारण दिवसा घरच्यांची आणि गावाची भीती वाटत होती). परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर आला होता, रणशिंग फुंकून झालं होतं, माणसं जमली होती. शिवाय लोकर ठेवताना तो स्वतःच म्हणतो की तू सांगितल्याप्रमाणे. म्हणजे देवाची इच्छा त्याला कळलेली होती. त्याला हवा होता धीर.

आणि धीर आला का? नाही. सातव्या अध्यायात, दोन्ही रात्रींची लोकर होऊन गेल्यावर, देवच त्याला म्हणतो की एकट्याने शत्रूच्या छावणीत उतरायला भीती वाटत असेल तर तुझा सेवक पुरा याला बरोबर घेऊन जा. आणि हा पुराला घेऊन जातो. म्हणजे वाटतच होती. दोन दोन चमत्कार पाहूनही वाटत होती! तिथे लपून त्यांनी शत्रूच्या एका शिपायाचं स्वप्न ऐकलं: जवाची भाकर गडगडत आली आणि तिने तंबू पाडला. ते ऐकून गिदोनाने जागच्या जागी देवाला नमन केलं. लोकरीने जे झालं नाही ते सोबतीला माणूस घेऊन चार पावलं पुढे गेल्यावर झालं.

म्हणून माझा पहिला आणि खरं तर एकुलता सल्ला: खूण मागू नका, सोबत मागा.

मी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका मावशींबरोबर जायला लागले. त्या काही शिकवत नसत. वॉर्डात शिरायच्या आधी नर्सला विचारायच्या, आत्ता भेटलं तर चालेल का. पलंगाजवळ स्टूल ओढून बसायच्या, उभ्याने कधी बोलायच्या नाहीत. आजाऱ्याला मान वर करून बघायला लावू नये म्हणून. काय झालंय, डॉक्टर काय म्हणाले, हे विचारायच्या नाहीत. तो सांगेल तेवढं ऐकायचं. मग "प्रार्थना केली तर चालेल का?" असं विचारायचं, आणि नको म्हणाला तर खरंच करायची नाही. प्रार्थना दोन-तीन वाक्यांची. माझ्या पहिल्या खेपेला मी हात कुठे ठेवावेत या विवंचनेत होते, तेवढ्यात त्या पलंगावरच्या बाई म्हणाल्या, उशी जरा वर सरकव. ती सरकवली. त्या दिवशी माझ्या हातून झालेली सेवा तेवढीच, आणि मावशींनी बाहेर आल्यावर त्यावर अवाक्षरही काढलं नाही.

एक वाक्य मात्र कधीही बोलू नका: "देवाची यात काहीतरी योजना असेल." असेलही. पलंगावरच्या माणसाला ते तुमच्या तोंडून ऐकायचं नसतं.

मार्गदर्शक निवडताना डोळे उघडे ठेवा. भीती वाटते म्हणजे विश्वास कमी, असं जो म्हणतो त्याच्यापासून मी चार हात लांब राहते. त्याने बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र वाचलेलं नसावं. तिथे प्रेषित पौल लिहितो की तो त्यांच्याकडे अशक्तपणे, भीत भीत आणि कापत कापत आला होता. त्याच करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवायचं काम करत होता, आणि तिथेच रात्री दृष्टान्तात प्रभूने त्याला सांगितलं की भिऊ नको, बोलत राहा. दीड वर्ष राहिला. तंबूचा धंदा, थरकाप आणि सेवा, सगळं एकाच शहरात.

दुसरा प्रकार, राजीनामा द्यायला लावणारे. "प्रभूसाठी सगळं सोड." त्यांचा आवडता दाखला अलीशाचा: बारा जोड्यांचा नांगर चालू असताना संदेष्टा एलीयाने माझ्यामागे ये या अर्थी त्याच्या अंगावर झगा टाकला, आणि अलीशाने बैल कापून, नांगराचीच लाकडं जाळून लोकांना जेवू घातलं. थरारक आहे, कबूल. पण पुढे अलीशाची ओळख काय सांगतात? एलीयाच्या हातावर पाणी घालणारा. राजीनाम्यानंतर व्यासपीठ मिळेल असं ज्याला वाटतंय त्याने एवढं लक्षात ठेवावं. आणि सगळ्यांना सोडायला सांगितलेलंच नाही. लेवी जकातनाक्यावरून उठून येशूमागे गेला हे खरं, पण बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे आलेल्या जकातदारांना योहानाने नाका सोडा असं म्हटलं नाही. ठरवून दिल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, म्हणाला. शिपायांना म्हणाला, जुलूम करू नका, आपल्या पगारात तृप्त राहा.

माझ्या मते नोकरी करणाऱ्यांनी गिदोनापेक्षा ओबद्या वाचावा. याच्यावर उपदेश फार कमी होतात. पहिलं राजे, अठरावा अध्याय. बआलाला भजणाऱ्या अहाब राजाचा हा घरकारभारी. अहाबाची राणी ईजबेल परमेश्वराच्या संदेष्ट्यांना मारत सुटली तेव्हा याने शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहेत लपवले आणि दुष्काळात त्यांना अन्नपाणी पुरवलं. राजवाड्याची नोकरी न सोडता. आणि एलीया जेव्हा म्हणतो, जा, मी आलोय असं धन्याला सांग, तेव्हा हाच ओबद्या म्हणतो, तो मला मारून टाकेल. एकदा नाही, बोलता बोलता तीनदा. एलीया त्याला भेकड म्हणत नाही. मी आज त्याच्यासमोर येतोच, असा शब्द देतो. मग ओबद्या जातो. पुढच्याच अध्यायात एलीया स्वतः ईजबेलला घाबरून रानात पळतो आणि मरण मागतो. त्याला देव आधी झोपू देतो आणि भाकर-पाणी देतो, बोलणं नंतर.

कामाच्या जागी सेवा करताना एक कडक सूचना. कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या टेबलावर प्रचार करू नका. तुमची चलनं चुकलेली, फोन उचलत नाही, आणि तोंडात वचन. अशाने तुमचं नाव जातं ते जातंच, प्रभूचंही जातं. कोणी आपणहून विचारलं तर डबा खाताना बोला.

आणि हेही खरं की प्रत्येक विनंती म्हणजे पाचारण नव्हे. संडे स्कूलला शिक्षक कमी पडला ही मंडळीची अडचण असते. ती तुमची हाक असेलच असं नाही. घरात आजारपण असेल, अंगात त्राण नसेल, तर सरळ "आत्ता जमणार नाही" म्हणा. तो नकार ज्याला ऐकवत नाही त्याच्या हाताखाली काम करू नका. पण जमत असूनही केवळ भीतीपोटी टाळत असाल तर त्याला वेळ नाही असं नाव देऊ नका. मोशेने देवासमोर एकामागून एक सबबी मांडल्या, प्रत्येकीला उत्तर मिळालं, आणि शेवटी दुसऱ्या कोणाला तरी पाठव म्हणाल्यावर मात्र देव रागावला. रागावूनही त्याचा भाऊ अहरोन सोबत दिला, हे विसरू नका.

काहींनी आधीच नाही म्हटलेलं असतं आणि आता तोंड कसं दाखवायचं या विचारात असतात. गिदोनाच्या सैन्यातून भीती वाटणारे 22,000 घरी गेले होते, उरले 10,000, आणि त्यांतूनही शेवटी 300. गेलेल्यांना कोणी शाप दिला नाही. मिद्यान्यांचा पाठलाग सुरू झाला तेव्हा नफताली, आशेर, मनश्शे या आधी आलेल्याच वंशांतून पुन्हा माणसं बोलावली गेली. तेव्हा पाळकसाहेबांना फोन करा. जुन्या नकाराचं स्पष्टीकरण देत बसू नका, या आठवड्यात भेटीला कोण जातंय एवढं विचारा आणि त्यांच्याबरोबर जा. पहिल्या खेपेला बोलायची तयारी करून जाऊ नका. मोबाइल मात्र दाराबाहेरच सायलेंट करा. माझा आत वाजला होता, डिस्पॅचमधूनच.