पाय मुरगळल्यावर पळायला घोट्याचा पट्टा घेताय? बूट सोबत घेऊन दुकानात जावा

आमच्या बेळगावजवळच्या राजहंसगडावरून उतरताना माझा उजवा पाय दगडावरून आत वळला आणि घोट्यात असं कट् वाजलं की मागचा मित्रपण थांबला. सूज उतरल्यावर मेडिकलमधनं तो कातडीच्या रंगाचा लवचिक मोजा आणला, दुकानदार म्हणाला, 'एनू आगंगिल्ल री (काही होत नाही हो), घाला आणि पळा.' घातला, पळालो, आणि दोन महिन्यांनी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर त्याच पायाला तेच परत झालं. मग फिजिओकडं गेलो, आणि आत्ता जे सांगायलोय ते सगळं त्यानंतर शिकलेलं.

पहिलं म्हणजे पट्टा घ्यायच्या आधी डॉक्टरला दाखवलायसा का? पाय मुरगळल्यावर चार पावलंपण टाकायला येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला, नाहीतर पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड वर आलेलं असतंय तिथं दाबल्यावर जोरात दुखत असेल, तर एक्स-रे काढायचा, पट्ट्याचं नंतर बघू. आणि पळायचं म्हणाल तर आधी अर्धा तास न दुखता चालता यायला पाहिजे, त्याच पायावर उभं राहून टाच वर उचलता यायला पाहिजे, बारक्या उड्या मारता यायला पाहिजेत. हे जमत नसताना पट्टा बांधून पळणं म्हणजे मोडक्या दाराला नवीन कुलूप.

आता पट्टा नेमकं काय करतो. पाय आत वळतो तेव्हा ताण बाहेरच्या बाजूच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडांना हाडं बांधणाऱ्या पट्टीवर, येतो, आणि बहुतेक वेळा पहिलं फाटतं ते बाहेरच्या हाडाच्या पुढचं, डॉक्टर त्याला एटीएफएल म्हणतात. म्हणजे आपल्याला अडवायचंय ते पावलाचं आत वळणं. पाऊल वरखाली मात्र मोकळं हललं पाहिजे, नाहीतर पळणार कसं? मोजा असो की पट्टा, हातात घेतला की या एकाच कसोटीवर बघा.

या कसोटीत लवचिक मोजा नापास. ऊब देतो, थोडी सूज आवरतो, आणि पाय कसा पडतोय याची घोट्याला जाणीव राहते, पण वळणारा पाय तो धरू शकत नाही. लेसवाला पट्टा, म्हणजे कापडी, पुढं लेस आणि वरनं आठच्या आकड्यासारखे फिरणारे दोन वेल्क्रोचे पट्टे, हा बऱ्याच जणांना पुरतो आणि बुटात बसतोपण. तिसरा प्रकार दोन्ही बाजूला कडक प्लास्टिकच्या पट्ट्या असलेला, त्यातला घोट्याजवळ बिजागरी असलेला पळायला चांगला, वरखाली सोडतो आणि बाजूला धरतो. दुसऱ्यांदा मुरगळलेल्यांनी किंवा घोटा सैल वाटतोय त्यांनी हाच बघावा असं माझं मत. चिकट टेप चांगला असतो, पण घामानं थोड्या वेळात ढिला पडतो, आणि रोज बांधून द्यायला माणूस कुठनं आणायचा?

माप संध्याकाळी घ्या, तोपर्यंत पाय थोडा फुगलेला असतो. टेलरचा टेप घोट्याच्या हाडांच्या जरा वर, सगळ्यात बारीक जागी फिरवायचा आणि सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवायचं. काही कंपन्या टाचेपासनं पावलाच्या चढावरनं तिरका घेर मागतात, म्हणून पाकिटावरचा तक्ता वाचा, बुटाचा नंबर सांगून साईज मागू नका. कडक पट्ट्यात डावा-उजवा वेगळा असू शकतो तेपण बघा.

खडेबाजारात जावा नाहीतर टिळकवाडीत, पळायचे बूट आणि लांब मोजे सोबत पाहिजेतच, कारण पट्टा मोज्यावरनं घालायचा, उघड्या कातडीवर घासला की दोन दिवसांत फोड. बुटाची लेस बांधून चवड्यावर उभं राहा, खाली बसा, दुकानाची पायरी चढा-उतरा. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती निळसर झाली तर घट्ट झालं. मग सोबत्याला सांगा हातानं पाऊल आत वळवायला, सहज वळलं तर ठेवा परत. बूट आवळत असेल तर आतली गादी काढून बघा, तरी नाही तर अर्धा नंबर मोठा बूट घ्यावा लागतो. आणि बुटाची टाचेमागची कडा दाबून मऊ पडली असेल तर पट्ट्याआधी बूट बदला की.

भरतीच्या तयारीची पोरं विचारतात, लगेच 1600 मीटर मारू काय? नको रे बाबा. पहिले काही दिवस सपाट मैदानावर एक मिनिट पळणं, दोन मिनिट चालणं, येळ्ळूरचा चढ नंतर. पट्टा पळताना-खेळताना घालायचा, साधारण वर्षभर, झोपताना काढायचा. पट्ट्यानं घोटा कमजोर होतो म्हणतात, तसं नसतंय, व्यायाम सोडला की होतो. मी रोज दात घासताना एका पायावर 30 सेकंद उभा राहतो, मग डोळे झाकून, आई म्हणते बगळा झालाय.

आपल्याकडचा पाऊस आणि लाल माती पट्ट्याची वाट लावते. धुताना वेल्क्रो चिकटवून ठेवा, हातानं धुवा, सावलीत वाळत घाला, कडक उन्हात किंवा चुलीजवळ नको. पावसाळ्यात एक वाळत नाही तोवर दुसरी पळायची वेळ येते, म्हणून जमलं तर दोन ठेवा. वेल्क्रोत अडकलेली माती-दोरे जुन्या टूथब्रशनं काढायचे, आणि ते काढूनपण पट्टा पळताना मध्येच सुटायला लागला की नवीन आणायचा, पिन लावून चालवत बसायचं नाही.