मुलाखतीत अपमान झाला, तर काय करावे?

अंधेरीच्या एखाद्या कार्यालयात दोन तास ताटकळत ठेवून, बायोडेटा न वाचताच "लग्न कधी करणार?" असे विचारले गेले असेल, तर परतीच्या लोकलमध्येच तारीख, वेळ, मुलाखत घेणाऱ्याचे पद आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत, कारण रात्रीपर्यंत राग उरतो आणि तपशील निसटतात.

त्यानंतर मनुष्यबळ विभागाला मोजक्या शब्दांत ईमेल पाठवावा. त्यात विशेषणे नकोत, घडले तेवढेच पुरे. उत्तर येईलच असे नाही, पण लेखी नोंद मागे राहते आणि माझ्या मते तीच मोलाची.

प्रश्न लैंगिक स्वरूपाचे असतील, तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा त्या ठिकाणी नोकरीवर नसलेल्या महिलेलाही संरक्षण देतो. तीन महिन्यांच्या आत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते; कर्मचारी दहापेक्षा कमी असल्याने समितीच नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

नोकरीसाठी "अनामत रक्कम" मागितल्यास देऊ नये. ऑनलाइन भरली गेलीच असेल, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.