नव्याने आलेल्या कुटुंबाला हात देताना

परदेशातून नुकतंच आलेलं कुटुंब भेटलं की पहिल्या दिवशी मी माहितीचा मारा करत नाही. प्रवासाने आंबलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. तीनच गोष्टी करते. दवाखाना दाखवते, तातडीचा नंबर फोनमध्ये घालून देते (कुठे ११२, कुठे ९११, कुठे ९९९, मायदेशातला पाठ असलेला नंबर इथे लागेलच असं नाही) आणि घराचा पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवते, अगदी लहान मुलांच्याही.

दुसऱ्या भेटीत कागद. सगळे जमिनीवर पसरा आणि नावं ताडून बघा. पासपोर्टवर एक स्पेलिंग, जन्मदाखल्यावर दुसरं, हे हमखास निघतं. तारखांचं तर विचारू नका. ३/४ म्हणजे काही देशांत ३ एप्रिल, काही देशांत ४ मार्च. एका बाईंची जन्मतारीख अशीच उलटी नोंदली गेली आणि ती दुरुस्त करायला आम्ही चार महिने हेलपाटे घातले. तेव्हापासून जमेल तिथे महिना मी अक्षरांत लिहायला लावते. दाखल्यांवर अपॉस्टिलचा शिक्का (कागद खरा असल्याची, परदेशात चालणारी सरकारी खूण) आहे का, तेही तेव्हाच बघा. १९६१च्या हेग कराराखाली दोन्ही देशांत तो लागू असेल तर बरीच धावपळ वाचते. मूळ कागद मात्र त्यांच्याच घरात राहू द्या.

फॉर्म भरताना पेन त्यांच्या हातात हवं. आपण भरला तर दहा मिनिटांत उरकतो, पण पुढचा फॉर्म आला की ते पुन्हा आपलीच वाट बघत बसतात. मी शेजारी बसून रकान्याचा अर्थ सांगते. पुढच्या वेळी मागच्या बाकावर बसते.

आणि कळकळीने सांगते, दवाखान्यात मुलांना दुभाषी करू नका. दहा वर्षांचा एक मुलगा डॉक्टरांचं बोलणं आईला सांगत होता. मध्येच थांबला, बुटाच्या नाडीशी चाळा करू लागला. पुढचं वाक्य त्याने सांगितलंच नाही. आईच्या गाठीबद्दलचं होतं ते. आता मी अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषी मागते. फोनवरूनही चालतो.

तीन महिन्यांनी एकदा न बोलावता जा. सुरुवातीची धांदल सरलेली असते, घर गप्प झालेलं असतं आणि आठवण तेव्हाच खायला उठते. मी त्या दिवशी कागदांचं नाव काढत नाही, नुसती बसते.