पॉवरबोट पारखताना आधी वजन मोजावे

आलिशान आणि वेगवान पॉवरबोटीच्या माहितीपत्रकात सर्वोच्च वेग पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि वजन शेवटच्या पानावरील तक्त्यात. खरेदीदाराने वाचनाचा क्रम उलटा ठेवावा. वजन कळले की वेगाचा अंदाज कागदावर बांधता येतो, आणि ते वजन नौकेत कोठे बसवले आहे हे कळले की खवळलेल्या पाण्यात ती कशी वागेल याचीही बरीच कल्पना येते. वेग, वजन आणि सुख यांचा हिशेब एकत्र मांडून खरेदीचा निर्णय कसा घ्यावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

सर्वप्रथम तक्त्यातील वजन नेमके कोणते, हे लेखी विचारून घ्यावे. बांधणाऱ्याने दिलेला आकडा बहुधा रिकाम्या नौकेचा असतो. त्यात इंधन, पिण्याचे पाणी, माणसे, सामान आणि मालकाने नंतर मागितलेली साधने धरलेली नसतात. समजा, रिकामी नौका ८,००० किलोची आहे आणि त्या वजनावर ती ४० नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) गाठते. आता तिच्यात १,००० लिटर डिझेल भरले तर सुमारे ८४० किलो वाढले, ३०० लिटर पाण्याचे ३०० किलो, आणि सामानासह माणशी ८० किलो धरून आठ जणांचे ६४० किलो. एकूण भार ९,७८० किलोंवर गेला. पाण्यावर उचलून धावणाऱ्या नौकेचा वेग ढोबळमानाने शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे त्याच इंजिनांवर ४० नॉटचे साधारण ३६ नॉट होतात. पूर्ण भरलेल्या नौकेने सुटीला निघणाऱ्या कुटुंबासाठी हा दुसरा आकडाच खरा आहे.

याच नियमाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. ४० नॉटवरून ५० नॉटवर जायचे असेल तर वजन तेच राहिले तरी शक्ती सुमारे ५६ टक्क्यांनी वाढवावी लागते. आणि मोठी इंजिने, मोठ्या टाक्या व त्यांना पेलणारी मजबूत बैठक आली की वजन तेच राहात नाही. म्हणून अधिक शक्तिमान इंजिनाचा पर्याय निवडण्यापूर्वी, तो घेतल्यावर नौकेचे पूर्ण भारासह वजन किती होईल, हा प्रश्न विक्रेत्याला विचारावाच.

एवढा वेग हवा कशाला, याचाही हिशेब करून पाहावा. गेटवे ऑफ इंडियापासून मांडवा जेट्टी सरळ रेषेत साडेसात सागरी मैलांच्या आसपास आहे. एवढे अंतर २८ नॉटने कापायला सुमारे सोळा मिनिटे लागतात आणि ४० नॉटने सव्वाअकरा. बंदरातील जहाजांची वर्दळ, मासेमारीची जाळी आणि दोन्ही टोकांना कमी करावा लागणारा वेग धरला, तर हा पाच मिनिटांचा लाभही पुरता हाती लागत नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचे वारे जोर धरतात आणि आखूड, उभ्या लाटा उठू लागतात, तेव्हा प्रवाशांना जाणवतो तो फरक वेगळाच असतो: नौका किती कमी वेगातही पाण्यावर उचललेली राहते, हा.

या किमान वेगाकडे खरेदीदारांचे जवळजवळ लक्षच नसते. जड नौकेला पाण्यावर उचललेले राहण्यासाठी, समजा, १९-२० नॉट लागत असतील आणि त्या दिवशीच्या लाटांवर सोसवणारा वेग १५ नॉटच असेल, तर तांडेलापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर धक्के खात २० नॉटने जायचे, नाहीतर नौकेचा पुढचा भाग वर आणि मागचा भाग पाण्यात रुतलेला अशा स्थितीत, इंधन जाळत आणि समोरचे काही न दिसता, १२ नॉटने रेटायचे. हलकी, योग्य तोललेली नौका १४-१५ नॉटलाही सपाट धावते. माझ्या मते वजन घटवल्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे आणि तो वेगाच्या कमाल आकड्यात दिसत नाही.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हलकेपणा हा स्वतःहून सुखकर नसतो. वेगवान नौकांच्या आरेखनात डॅनियल सॅवित्स्की यांची सूत्रे आजही वापरली जातात. न्यू जर्सीतील होबोकेन येथील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या डेव्हिडसन प्रयोगशाळेत त्यांनी हे काम केले. लाटेवर आपटताना बसणाऱ्या धक्क्याचे त्यांचे आणि ब्राऊन यांचे १९७६ चे सूत्र खरेदीदारालाही उपयोगी पडण्याइतके स्पष्ट आहे. त्यानुसार धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३० नॉटवरून २४ नॉटवर आल्यास तो ३६ टक्क्यांनी कमी होतो. नौका जितकी रुंद तितका धक्का मोठा. वजन जितके अधिक तितका धक्का लहान; म्हणून बाकी सर्व तसेच ठेवून केवळ वजन १० टक्क्यांनी घटवले, तर धक्का सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वर उचलण्याचा कोन ४ अंशांवरून ३ अंशांवर आणला तर धक्का पाव हिश्श्याने उतरतो. आणि तळाचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा उतार, ज्याला डेडराइज म्हणतात, तो १० अंशांऐवजी २० अंश असेल, तरीही धक्का पाव हिश्श्याने कमी होतो.

या शेवटच्या मुद्द्याचे प्रात्यक्षिक १९६० मध्ये जगाने पाहिले. रे हंट यांनी आरेखलेली आणि डिक बर्ट्रम यांनी चालवलेली ‘मॉपी’ ही नौका मायामी ते नसाऊ या शर्यतीत उसळत्या समुद्रातून आठ तासांत पोहोचली. तिच्या तळाचा उतार अगदी पाठीमागच्या फळीपर्यंत सुमारे २४ अंशांचा होता. त्याच काळात या विचाराला पुढे नेणाऱ्या आरेखकांपैकी एक मुंबईशी जोडलेला होता, याचा मराठी वाचकाला विशेष आनंद वाटावा. कराचीत जन्मलेल्या रेनातो ‘सॉनी’ लेव्ही यांनी आपल्या कामाची सुरुवात मुंबईतील कौटुंबिक बोटयार्डमध्ये केली, पुढे ते इटलीत गेले, आणि त्यांची ‘आ’स्पेरान्झिएला’ १९६३ ची इंग्लंडमधील काउझ ते टॉर्की ही शर्यत जिंकून आली.

खोल व्ही तळाची किंमत मात्र मोजावी लागते. उतार जितका अधिक तितके पाण्याचे वर उचलणारे बल कमी, म्हणून तेवढ्याच वेगाला अधिक शक्ती लागते, आणि नांगर टाकून उभी असताना अशी नौका अधिक डोलते. म्हणूनच वजनातील बचत कशावर खर्च झाली आहे, हे शोधणे खरेदीदाराचे मुख्य काम आहे. वाचवलेले वजन वापरून बांधणाऱ्याने तळ अधिक खोल, नौका अधिक लांब आणि तुलनेने अरुंद केली असेल, तर त्याने तुमच्या पाठीच्या मणक्यांचा विचार केला आहे. तेच वजन वाचवून त्याने रुंद, सपाट तळाची प्रशस्त बैठकखोली दिली असेल, तर ती नौका जेट्टीला बांधलेली असताना भव्य वाटेल आणि लाटांवर प्रवाशांना हाडे मोजायला लावील. पाठीमागच्या फळीपाशी उतार किती अंश आहे, हे कोनमापकाने स्वतः मोजावे. आरेखनावरील आकडा कित्येकदा नौकेच्या मध्याचा असतो आणि तेथे तो बहुधा अधिकच दिसतो.

यानंतर वजन कोठे आहे, हे पाहावे. त्यासाठी नौका पाण्याबाहेर काढण्याचा दिवस सर्वांत उपयोगाचा असतो. पट्ट्यांत धरून उचलणाऱ्या क्रेनवर पुढच्या आणि मागच्या पट्ट्यांचा भार दाखवणारा काटा असल्यास दोन्ही आकडे लिहून घ्यावेत आणि पट्ट्यांमधील अंतर टेपने मोजावे. पुढच्या पट्टीवर ४,२०० किलो, मागच्या पट्टीवर ५,६०० किलो आणि अंतर ६ मीटर असेल, तर एकूण वजन ९,८०० किलो झाले. गुरुत्वमध्य काढण्यासाठी ४,२०० ला ६ ने गुणून ९,८०० ने भागावे. उत्तर सुमारे २.५७ येते, म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या पट्टीच्या २.५७ मीटर पुढे आहे. त्या वेळी टाक्यांत किती इंधन व पाणी होते, याची नोंदही सोबत करावी, नाहीतर आकड्याला अर्थ राहात नाही. काटा फार अचूक नसला तरी एवढ्या साध्या त्रैराशिकातून जे कळते ते माहितीपत्रकाच्या चाळीस पानांतून कळत नाही.

गुरुत्वमध्य फार मागे गेला तर नाळ वर राहते, धक्के वाढतात आणि सपाट पाण्यातही नौका पुढे-मागे डुचमळू लागते. फार पुढे गेला तर मागून येणाऱ्या लाटेवर नाळ पाण्यात घुसून नौका अचानक वळण्याचा धोका निर्माण होतो. तळाला आडव्या पायऱ्या असलेल्या नौकांत हे अधिकच काटेकोर असते. पायऱ्यांमुळे तळाखाली हवा शिरून घर्षण कमी होते आणि वेग वाढतो, पण तीव्र वळणावर मागचा भाग निसटू शकतो, म्हणून अशा नौकेत भार बदलताना बांधणाऱ्याचा सल्ला घेतल्याशिवाय काहीही करू नये. मागच्या फलाटावर ३०० किलोची छोटी बोट ठेवण्याची हौस सर्वत्र आढळते. वरील नौकेत तो फलाट गुरुत्वमध्यापासून साडेपाच मीटर मागे असेल, तर एवढ्यानेच गुरुत्वमध्य १६ सेंटिमीटर मागे सरकतो, आणि मग ट्रिम टॅब (पाठीमागच्या फळीखालच्या हलत्या पट्ट्या) कायम खाली दाबून, म्हणजे वेग गमावून, नाळ खाली ठेवावी लागते.

आतील सजावटीचे वजन एकेक वस्तू हातात घेऊन तपासावे. दहा मिलिमीटर जाडीच्या सागवानाने वीस चौरस मीटर डेक मढवला तर केवळ लाकूडच सुमारे १३० किलो होते. वीस मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरमागे ५४ किलो भरतो. त्याऐवजी मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ रचनेच्या हलक्या पत्र्यावर चिकटवलेला पातळ दगडी थर घेतल्यास डोळ्यांना फरक कळत नाही. कपाटाचे दार उघडून त्याची कड पाहावी: आतून भरीव प्लायवूड दिसते की हलका फोम, एवढ्यावरून बांधणाऱ्याने वजनाची खरोखर काळजी केली आहे की नाही, हे समजते. जितकी वस्तू उंचावर, तितके तिचे वजन अधिक महागात पडते, त्यामुळे छत, वरची बैठक आणि मास्ट हलके असावेत. कार्बन फायबरवर खर्च करायचाच असेल तर तो तेथे करावा. तळाच्या बांधणीत आणि आतील आधारपट्ट्यांत मात्र काटकसर मागू नये.

वातानुकूलन, जनरेटर आणि गायरो यांबाबत माझे मत स्पष्ट आहे. आपल्या हवामानात वातानुकूलन हवेच. गायरो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या जड चाकाचे यंत्र, नांगरावरील डोलणे खरोखर कमी करतो आणि खोल व्ही तळाची ती एक उणीव भरून काढतो. पण गायरो चांगलाच जड असतो आणि त्याला वीज लागते. नौकेचा उपयोग मुख्यतः धावण्यासाठी असेल तर तो टाळावा, आणि नांगर टाकून तासन्‌तास थांबण्यासाठी असेल तर तो गुरुत्वमध्याच्या जवळ, खाली बसवून घ्यावा. आवाज रोखणाऱ्या थरांचे वजन मात्र मुकाट्याने स्वीकारावे, कारण दोन तासांच्या प्रवासानंतरचा थकवा पुष्कळ अंशी आवाजातूनच येतो.

समुद्रातील चाचणी टाक्या भरून आणि नेहमी जाणारी तेवढी माणसे घेऊनच करावी. प्रत्येक वेग जीपीएसवर, प्रवाहासोबत आणि प्रवाहाविरुद्ध असा दोनदा मोजून सरासरी घ्यावी. पूर्ण भाराने इंजिने निर्मात्याने ठरवलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोहोचलीच पाहिजेत. डिझेल इंजिन तेथवर जात नसेल तर बहुधा पंखा (प्रोपेलर) चुकीचा आहे आणि इंजिन कायम ओझ्याखाली चालेल. त्यानंतर थ्रॉटल हळूहळू मागे घेत नौका कोणत्या वेगाला पाण्यात बसते, तो आकडा टिपून ठेवावा. मग लाटांसमोर, लाटांना तिरकस आणि लाटांसोबत अशी तिन्ही दिशांना ती चालवावी, आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटे चालकाच्या आसनावर न बसता पुढच्या बाकावर बसावे. धक्का गुरुत्वमध्यापाशी सौम्य आणि नाळेकडे तीव्र असतो; पाहुण्यांच्या वाट्याला जे येते ते तेथेच समजते. सपाट पाण्यातली चाचणी स्वीकारू नये, दुपारचा वारा सुटेपर्यंत थांबावे.

नवी नौका बांधून घेत असाल तर रिकाम्या नौकेचे वजन, गुरुत्वमध्याची जागा, पूर्ण भारावरील वेग आणि पाण्यावर टिकून राहण्याचा किमान वेग असे चार आकडे करारात लिहून घ्यावेत, त्यांतील मान्य फरकाची टक्केवारी नमूद करावी, आणि शेवटचा हप्ता क्रेनवरील वजनाच्या नोंदीनंतरच द्यावा.