न्यू जर्सीच्या सरकारी शाळेत मुलाचे नाव घालताना

आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ ही पाटी दिसली की फी किती असेल, हा विचार आधी मनात येतो. अमेरिकेत मात्र ही शाळा खरोखरच सार्वजनिक असते आणि न्यू जर्सीत ५ ते २० वर्षे वयाच्या मुलांना ती विनाशुल्क असते. नव्याने आलेली मराठी कुटुंबे सर्वांत आधी व्हिसाविषयी विचारतात. वास्तविक प्रवेश मिळतो तो राहत्या पत्त्यावर. मुलाकडे अमेरिकेतल्या कायदेशीर वास्तव्याची कागदपत्रे नसली तरी त्याला शाळा नाकारता येत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात दिला आणि तो आजही लागू आहे. एच-४, एल-२ किंवा एफ-२ व्हिसावर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसासोबत आलेल्या मुलांची तर काहीच अडचण नसते. अपवाद आहे तो मुलाच्या स्वतःच्या एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा : त्यावर सरकारी शाळेत आठवीपर्यंत शिकता येत नाही आणि हायस्कुलात (नववी ते बारावी) जास्तीत जास्त १२ महिने, तेही पूर्ण खर्च भरून, शिकता येते.

प्रवेश पत्त्यावर मिळतो, म्हणून घराचा करार करण्याआधी तो पत्ता कोणत्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) आणि त्यातल्या कोणत्या शाळेच्या हद्दीत येतो, हे डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात विचारून घ्यावे. टपालाच्या पत्त्यावर विसंबू नये. पत्त्यात ‘प्रिन्स्टन’ लिहिलेली कितीतरी घरे प्रत्यक्षात साउथ ब्रन्सविक किंवा प्लेन्सबरोमध्ये मोडतात, आणि मुलाला प्रिन्स्टनच्या शाळेत घालायचे म्हणून जास्त भाडे मोजलेल्या माणसाला हे कळते ते नोंदणीच्या खिडकीपाशी.

रहिवासाचा पुरावा म्हणून भाडेकरार, वीज-गॅसची बिले, बँकेची पत्रे असे कागद चालतात. पहिले काही महिने नातेवाइकांकडे राहत असाल, तर घरमालकाचे आणि तुमचे प्रतिज्ञापत्र घेतले जाते. सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकन सरकार देते तो ओळख क्रमांक), प्राप्तिकराचे विवरणपत्र किंवा (एफ-१ वगळता) व्हिसाची कागदपत्रे यांच्यावाचून नाव घालणार नाही, अशी अट घालण्यास राज्याच्या नियमांनी डिस्ट्रिक्टला मनाई केली आहे. खिडकीवरचा कर्मचारी सवयीने ती मागतो. तेव्हा वाद न घालता ‘ही आवश्यक आहेत का’ एवढेच नम्रपणे विचारावे. रहिवास अमान्य झाल्यास २१ दिवसांत राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे दाद मागता येते आणि तोवर मूल शाळेत जाऊ शकते. मात्र अपील हरल्यास त्या दिवसांची फी आकारली जाऊ शकते. केवळ चांगल्या शाळेसाठी पुतण्याला काकांच्या पत्त्यावर ठेवणे नियमात बसत नाही. आईवडिलांची खरी अडचण आहे आणि काका त्याला मोबदला न घेता स्वतःच्या मुलासारखा सांभाळत आहेत, हे दाखवावे लागते.

खरी धावपळ होते ती लसीकरणाच्या कार्डावरून, आणि ती निघण्यापूर्वीच टाळता येते. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. इथे पहिल्या वाढदिवसापूर्वीचा डोस धरला जात नाही, शिवाय त्या लशीत गालगुंडाचा घटक नसतो. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे ती लागते. तोंडावाटे दिलेले पोलिओचे डोस १ एप्रिल २०१६ पासूनचे असतील, तर ते मोजले जात नाहीत, कारण तेव्हापासून त्या थेंबांत पोलिओच्या तिन्ही प्रकारांपासूनचे संरक्षण राहिले नाही. त्याऐवजी इंजेक्शनची नोंद दाखवावी लागते. सहावीत जाणाऱ्या मुलाला डांग्या खोकल्याच्या घटकासह धनुर्वाताची लस आणि मेंदूज्वराची लस लागते. परदेशातून आलेल्या मुलांना नोंदी आणण्यासाठी ३० दिवसांची सवलत असते. पण इथे डॉक्टरांची वेळ आणि विम्याचे कार्ड मिळेपर्यंत तेवढे दिवस सहज जातात.

तारखांचेही तसेच. आमच्या मुलीच्या कार्डावर ‘५/८/१६’ असे लिहिले होते. आमच्या दृष्टीने तो ऑगस्ट, शाळेच्या नर्सच्या दृष्टीने मे. आणि मे धरला की दोन डोसांमधले अंतर कमी पडत होते. पुण्याच्या डॉक्टरांकडून महिना अक्षरी लिहिलेले, सही-शिक्क्याचे पत्र मागवावे लागले. ते आधीच करून घ्यावे. क्षयरोगाची चाचणी सांगितल्यास रक्ताची चाचणी चालेल का, असे विचारावे, कारण बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेवरची चाचणी विनाकारण सकारात्मक येऊ शकते.

जन्मदाखल्यावर मुलाचे नाव आहे ना, हेही पाहावे. बाळाचे नाव ठरण्याआधी काढलेल्या दाखल्यात ती जागा कोरीच राहते आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. दाखल्यावरचे नाव पासपोर्टशी जुळावे. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असल्यास सोबत इंग्रजी भाषांतर ठेवावे.

इयत्ता सहसा वयावरून ठरते. किंडरगार्टनसाठी (पहिलीच्या आधीचा वर्ग) बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये १ ऑक्टोबरपर्यंत ५ वर्षे पूर्ण हवीत, तर महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षे पाहतात. त्यामुळे नोव्हेंबरात जन्मलेले, तिकडे पहिलीत बसलेले मूल इथे बहुधा किंडरगार्टनमध्ये जाते. पालकांना ते खटकते, पण मुलाचे त्यात काही बिघडत नाही. हायस्कुलात मात्र ते पूर्ण केल्याच्या डिप्लोमासाठी किमान १२० क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) लागतात आणि भारतातल्या नववी-दहावीचे विषय त्यात धरले जातात. दहावीनंतर नववीची गुणपत्रिका आपल्याकडे कोणी जपत नाही. इथे नेमकी तीच मागतात. ती अभ्यासक्रमाच्या माहितीसह आणावी.

नोंदणीच्या कागदांत घरी कोणती भाषा बोलता, असा प्रश्न असतो. मूल मागे पडेल या भीतीने अनेक जण ‘इंग्रजी’ लिहितात. तसे करू नये, मराठीच लिहावे. त्यानंतर मुलाची इंग्रजीची चाचणी होते. इंग्रजी माध्यमातली बरीच मुले ती लगेच पार करतात आणि ज्यांना जमत नाही, त्यांना भाषेचे साहाय्य विनाशुल्क मिळते. ते पालकांना नाकारता येते, पण मुलाची वार्षिक चाचणी चालूच राहते. पालकांना स्वतःला इंग्रजी अवघड जात असेल, तर शाळेने विनाशुल्क दुभाष्या द्यायचा असतो; भेटीची वेळ ठरवतानाच ‘मराठी’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर हिंदीचा दुभाष्या फोनवर येतो.