घरातील पाणीगळती शोधताना

अनेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच येते आणि मीटर टाकीच्या आधी बसवलेला असतो, त्यामुळे घरातील गळती मीटरवरून सहसा कळत नाही. टाकी स्वतंत्र असेल तर रात्री सर्व नळ बंद करून तिच्यातील पातळीवर खूण करावी. सकाळी, पाणी येण्यापूर्वी, रात्रभर पाणी न वापरताही पातळी उतरलेली दिसली तर कुठेतरी गळती आहे हे निश्चित समजावे.

पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्यावा, कारण तिची गळती आवाज न करता चालू राहते. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात रंग उतरला तर आतील रबरी सील बदलावे.

सेकंदाला एक थेंब गळणारा नळही दिवसाला सुमारे 15 ते 20 लिटर पाणी घालवतो. अशा वेळी नळ जोरात आवळल्याने वॉशर अधिकच झिजतो. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून वॉशर बदलणेच योग्य. भिंतीतील ओल मात्र केवळ रंगाने झाकू नये, कारण आतील पाइप गळतच राहतो.

टाकी भरून वाहत असल्यास टाकी भरताच पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह तपासावा.